हांऽऽ, बोला

सोलापुरात अनोळखी नंबरवरून फोन आला की पहिला शब्द बऱ्याचदा 'हॅलो' नसतो. असतो एक लांबवलेला 'हांऽऽ'. हा आळस नव्हे, सोय आहे. पलीकडचा मराठीत सुरू होणार, कन्नडमध्ये, तेलुगूत की दखनीत, म्हणजे दक्षिणी वळणाच्या उर्दूत, हे कळेपर्यंत आपली भाषा उघड करायची नाही. 'हां' चारही घरांत चालतो. पलीकडून दोन शब्द आले की मग बोला, हेळ्री, चेप्पंडी नाहीतर बोलो. दोस्तच निघाला तर 'बोल बे'.

लांबवण्यालाही कारण आहे. मोबाइल उचलला तरी आवाज जुळायला क्षणभर जातो आणि पहिलं अक्षर गिळलं जातं. तुटक 'हां' त्यात जातो. लांब 'हां'चं शेपूट तरी पोचतं.

बोला, हेळ्री, चेप्पंडी, बोलो, चारही शब्दांचा अर्थ एकच, तुम्ही बोला. स्पेनमध्ये 'दीगा' म्हणतात, तेही 'सांगा'च. जपानी 'मोशी मोशी' बोलण्याच्याच क्रियापदातून आलेलं. इटालियन 'प्रोंतो' म्हणजे तयार आहे, रशियन 'स्लूशायु' म्हणजे ऐकतोय. जर्मन माणूस आपलं आडनावच सांगून मोकळा होतो. चिनी 'वेइ' एरवी उतरत्या सुरात, फोनवर मात्र चढत्या, 'कोण?' विचारल्यासारखा.

'हॅलो' तरी कुठे नमस्कार होता? ती हाकच, आपल्या 'अहो'सारखी. १८७७ मध्ये एडिसनने पिट्सबर्गच्या एका टेलिग्राफ कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलं, पलीकडच्याला बोलवायला वेगळी घंटी नको, 'हॅलो' १० ते २० फुटांवरून ऐकू येतो. बेलला 'अहॉय' आवडायचं, ती जहाजावरची आरोळी. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणायला सांगितलं. पंढरपूरच्या वाटेवरचा वारकरी 'राम कृष्ण हरी' म्हणतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही.

एडिसनचे २० फूट सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र चालत नाहीत. 'ह' म्हणजे नुसता श्वास, तो खडखडाटात विरतो, उरतो 'लो'. फोन कानाला लावून बाहेर रस्त्यावर यायचं, हाच उपाय. खरी पंचाईत ऑर्डर लिहून घेताना होते. साधी टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच वाहून नेते आणि 'स'ची धार बरीचशी त्याच्या वर. 'साठ चादरी'चा 'स' गळाला की आठ चादरींचं पार्सल निघतं. तेलुगूत ऐदु म्हणजे पाच, एडु म्हणजे सात. घाईत दोन्ही एकच लागतात. जर्मनांनी अशाच घोटाळ्यावर तोड काढली. दोनचा 'त्स्वाय' तीनच्या 'द्राय'सारखा वाटतो, म्हणून फोनवर दोनला 'त्स्वो' म्हणायचं. आपल्याकडे 'सहा-शून्य, साठ' असं सुटं सांगावं आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यावं. 'हां हां, कळलं की' यावर विसंबू नये.

फोन संपवताना पुन्हा चारही भाषा एका जागी येतात. मराठीत 'ठेवतो', दखनीत 'रखता हूँ', कन्नडमध्ये 'इडतीनि', तेलुगूत 'पेट्टेस्ता'. सगळीकडे ठेवणंच. रिसीव्हर खाली ठेवायचा काळ गेला. फोन जातो शर्टाच्या खिशात, म्हणायचं अजून 'ठेवू का?'