आमसुले कोणाला विकावीत?

कुडाळ, १६ जून, रात्री

पावसाने आज दिवसभर उसंत दिली नाही, त्यामुळे तीन महिने पुढे ढकललेले काम अखेर हाती घेतले. गेल्या वर्षीच्या ऑर्डरींची वही उघडली आणि यंदा ऑनलाइन विक्रीसाठी नेमका कोणता माल धरायचा, हे कागदावर मांडायला बसले.

हापूस पहिल्या पाच मिनिटांतच खोडला. मागणी त्यालाच सर्वांत जास्त हे खरे, पण विकणारेही घरोघर आहेत, हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, आणि वर साक्याची, म्हणजे गर आतून खराब निघण्याची, टांगती तलवार. साका बाहेरून ओळखता येत नाही. पेटी पोहोचल्यानंतर चार दिवसांनी कापलेल्या फोडीचा फोटो येतो आणि आपण मुकाट्याने पैसे परत करतो.

आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, खोडताना मात्र जिवावर आले, कारण ते आमच्या घरचे उत्तम होते. गेल्या मे महिन्यात पाठवलेल्या बारा बाटल्यांपैकी तीन वाटेत गळल्या आणि कुरिअरवाल्यांनी, पातळ पदार्थाची जबाबदारी आमची नाही, एवढ्यावर बोळवण केली. शिवाय खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागली की जे येते तेच वजन धरतात, प्रत्यक्ष वजन कमी असले तरी. बाटल्यांभोवती कागदाचे बोळे भरून केलेले ३० बाय २५ बाय २० चे खोके असे तीन किलोचे ठरते, आत दोनच किलो आगळ असले तरी.

उरले आमसूल. न फुटणारे, न गळणारे, कोकमाच्या रसाची चार पुटे देऊन कडक उन्हात वाळवलेले, वर्षभर टिकणारे. पाव किलोचा हिशेब असा निघाला: माल ७५ रुपये, पिशवी, खोके आणि चिठ्ठी मिळून १४, कुरिअर ६५, पेमेंटचे शुल्क सुमारे ४. १९९ ला विकले तर हातात ४१ रुपये राहतात, आणि गेल्या वर्षी जाहिरातीतून एक नवे गिऱ्हाईक मिळवायला मला सरासरी ६० रुपये पडले होते. म्हणजे पहिल्या ऑर्डरीत १९ रुपये घरचेच जातात. कुरिअरचे भाडे अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढते, म्हणून त्याच भाड्यात चारशे ग्रॅम पाठवून २९९ घेतले, तर ९४ रुपये सुटतात. आकडा बरा दिसला म्हणून शेजारच्या काकींना उत्साहाने सांगितला, तर त्या म्हणाल्या, "आमसुलां वर्षाक अर्धो किलो पुरे गो, मगे परत कोण घेतलो?"

मग परत घेणार कोण, हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वहीतले पिनकोड एकेक करून वाचले. एकूण ६३ ऑर्डरी. ४०० ने सुरू होणारे, म्हणजे मुंबईचे, ३८ जण. जाहिरातीचे जवळजवळ सगळे पैसे मी तिथेच घातले होते, कारण मालवणी माणूस तिथे आहे आणि त्याला आमसुलाची चव वेगळी सांगावी लागत नाही. त्यांतल्या चौघांनीच पुन्हा मागवले. उघड आहे: लालबागच्या घरात आमसूल गावाहून येते, मामा रातराणीच्या गाडीत पिशवी ठेवून देतो, तीही फुकट. त्या मामाशी मी १९९ रुपयांत काय स्पर्धा करणार!

आणि ३८ व ३९ ने सुरू होणारे, अहमदाबाद-वडोदऱ्याकडचे, अवघे नऊ जण, त्यांतले सहा पुन्हा आलेले, दोघी तर तीनदा. एकही जाहिरात त्यांना दाखवली नव्हती. कोणीतरी शेजारणीला सांगितले असणार. गुजराती घरात डाळीला गुळाबरोबर कोकम लागते, तेही वरचेवर, आणि तिकडे रातांब्याचे, म्हणजे कोकमाचे, झाड नाही की कोकणातला मामा नाही. चव हवी, पण माल घरचा नाही, अशी माणसे मी वर्षभर वहीत लिहून ठेवली आणि पाहिलीच नाहीत. या चुकीचा दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही, हे जरा लागले.

अडचण एकच. वडोदऱ्याच्या एका ताईंनी मागे फोनवर सांगितले होते की त्यांना कोकम मऊ, थोडे ओलसर लागते. ओलसर ठेवले तर वजन वाढते, आणि या हवेत बुरशी धरायला आठ दिवसही लागत नाहीत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचे बोधचिन्ह पाकिटावर छापायचा मोहही झाला, पण त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी लागते; ते काम पावसाळ्यानंतर.

माळ्यावरच्या बरण्यांत ३४ किलो आमसूल आहे. त्यातले दोन किलो मिठाच्या आगळात पुन्हा बुडवून, एक दिवस कमी वाळवून पाहायचे ठरवले आहे, ऊन पडेल तेव्हा. तोवर त्या ताईंना उद्या फोन करून विचारते की एक पाकीट त्यांना किती दिवस पुरते.