तठे कोनी वळखनं शे का?

गेल्या आठवड्यात अमळनेरकडचे एक डाळमिलवाले नाना तुरीची पिशवी घेऊन माझ्या शेडवर आले. चहा उकळायच्या आधीच म्हणाले, "भाऊ, माले सरकारी प्रयोगशाळासंगे काम करनं शे. तठे कोनी वळखनं शे का?" महिन्यातून एकदा तरी कोणीतरी मला हे विचारतंच.

तर नाना, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्याही वळखीचं तिथे कोणी नव्हतं. मी केळीच्या खांबाचा धागा काढतो. घड उतरला की खांब बांधावर पडून सडतात, ते आम्ही उचलून आणतो. एका पावसाळ्यात धागा काळा पडायला लागला, घेणाऱ्याने माल परत केला. मी एक जुडी पिशवीत कोंबली, रात्रीची गाडी धरली आणि सकाळी एका राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या फाटकावर उभा राहिलो. आधी पत्र नाही, फोन नाही. बराच वेळ बाकावर बसलो, मग एक शास्त्रज्ञ खाली आले. मी दहा मिनिटं केळीचं माहात्म्य गायलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, खांब कापल्यावर किती तासांनी सोलता? किती पाण्यात धुता? काळेपणा कितव्या दिवशी दिसतो? मला एकाचंही उत्तर देता येईना.

परत आलो आणि महिनाभर वही ठेवली. खांब जितका उशिरा सोलला तितका धागा जास्त काळवंडला, हे वहीतच दिसलं. अर्धं दुखणं फीचा रुपया भरायच्या आधी गेलं. उरलेलं अर्धं घेऊन दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा आधी ईमेल केला होता आणि सोबत वहीची पानं जोडली होती.

दार कोणतं, हेही बघा. सीएसआयआर म्हणजे केंद्र सरकारची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, १९४२ सालची, तिच्या देशभर ३७ प्रयोगशाळा. आपल्याला जवळची पुण्याच्या पाषाणची, म्हणून जो तो तिकडेच निघतो. पण ती रसायनशास्त्राची. डाळ, पीठ, साठवण हा प्रांत म्हैसूरच्या सीएफटीआरआयचा, म्हणजे तिच्याच अन्न तंत्रज्ञान संस्थेचा. केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तिरुचिरापल्लीला आहे आणि ते कृषी संशोधन परिषदेचं. चुकीच्या दारात गेलात तर कोणी हाकलत नाही, पण दोन महिने जातात. बहुतेक प्रयोगशाळांत उद्योगांशी व्यवहार बघणारा वेगळा विभाग असतो, पहिलं पत्र तिकडे टाका.

मग व्यवहार कसा करायचा? मी तो शेतीच्या भाषेत समजून घेतला. नुसता नमुना तपासून हवा असेल तर ती तांत्रिक सेवा: फी आणि वर जीएसटी भरा, अहवाल घ्या, संबंध संपला. सल्ला हवा असेल तर सल्लागारी. प्रायोजित प्रकल्पात सगळा खर्च तुमचा, काम त्यांचं, आणि निघालेल्या ज्ञानावर हक्क करारात लिहिलेला, बहुधा पैसे लावणाऱ्याकडे झुकलेला. सहयोगी प्रकल्प म्हणजे चक्क बटाई: बियाणं कोणाचं, मजुरी कोणाची, पीक कसं वाटायचं, सगळं पेरणीआधी कागदावर. शेवटचा मक्ता: तंत्र त्यांच्याकडे तयार असतं, तुम्ही परवाना घेता, एकरकमी पैसे देता आणि विक्रीवर रॉयल्टी. अशा परवान्यांसाठी एनआरडीसी ही सरकारी कंपनी १९५३ पासून आहे. आपल्या वावरात फिरणाऱ्या स्वराज ट्रॅक्टरचं मूळ दुर्गापूरच्या सीएमईआरआयमध्ये, म्हणजे सीएसआयआरच्याच यांत्रिक अभियांत्रिकी संस्थेत आहे. मतदानाला बोटावर लागणाऱ्या शाईचं मूळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. म्हैसूरचा कारखाना ती १९६२ च्या निवडणुकीपासून बनवतो. तेव्हा मक्त्याला कमी लेखू नका. छोट्या माणसाला मला तोच सगळ्यात परवडणारा वाटतो, कारण चुका आधीच कोणीतरी करून ठेवलेल्या असतात.

माझी चूक वेगळीच. धागा धुण्याची एक युक्ती आम्ही शेडवरच बसवली होती. मी ती हौसेने एका कृषी प्रदर्शनात मांडली, येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवली, फोटोही काढू दिले. पुढे पेटंटचा विषय निघाला तेव्हा प्रयोगशाळेतल्या बाईंनी पहिला प्रश्न केला, "हे आधी कुठे दाखवलंय का?" जे जगासमोर आलं ते नवीन राहत नाही, आणि नवीन नसेल तर पेटंट नाही. काही सवलती आहेत, पण आमच्या प्रदर्शनाला त्या लागू नव्हत्या. बायको अजून तो फोटो दाखवून चिडवते. म्हणून आधी गोपनीयतेचा करार, मग तोंड उघडायचं. हा करार दोन-तीन पानांचा असतो, मागायला लाजू नका, तिकडच्यांना त्याची सवय आहे.

वेळेचं म्हणाल, तर आपल्या हंगामाचा आणि त्यांच्या फायलीचा मेळ बसत नाही. तुमची तूर फेब्रुवारी-मार्चात मिलवर येते, कराराचा मसुदा तोवर तिसऱ्या टेबलावर असतो. पावसाळ्यात सुरुवात केलीत तर कदाचित जमेल.

नाना सगळं ऐकून म्हणाले, "मंग ही पिशवी कोनले देऊ?" मी म्हटलं, पिशवी राहू द्या, आधी एक पान लिहा. त्यांनी माझ्याच वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं: तेल-पाणी दिल्यावर दोन दिवस वाळवतो, तरी साल नीट सुटत नाही, चुणी (डाळीचा चुरा) जास्त पडते. मी विचारलं, शंभर किलोला किती? ते गप्प झाले. मग म्हणाले, सोमवारपासून मोजतो.

पिशवी माझ्या शेडवरच आहे.