शिट्टी हातात धर

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी शाहू स्टेडियमच्या ड्रेसिंग रूममध्ये बुटाच्या लेस बांधत होतो. बाहेर गॅलरी भरलेली, हलगी वाजायला लागलेली, आणि मेसेज वाचल्यावर पहिल्यांदा आठवले ते आपले पी.टी.चे सर. त्यामुळं हे सगळं सरांबद्दलच होणार आहे. बाकीच्या सर-बाईंबद्दल लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत, मला मात्र सरांशिवाय दुसरं काही सुचतच नाही.

मी 1991 चा दहावीचा, ब तुकडी. मिशन कंपाउंडात राहायला. लहानपणी मी फार भित्रा होतो. आमची आजी रोज रात्री प्रार्थना झाली की म्हणायची, देव सगळं बघतोय हं, आणि मी पांघरुणात शिरून दिवसभरात काय काय चुकलं ते मोजत बसायचो. देवाला भ्यायचो, अंधाराला भ्यायचो, वरच्या वर्गातल्या पोरांना तर फारच.

नववीत असताना माझा पायाचा अंगठा फुटला आणि आंतरवर्गीय मॅचेसमधून मी बाहेर बसलो. सरांनी बोलावलं, गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आज सेमीफायनल तू चालव. आठवी विरुद्ध दहावी. एक-एक गोल झालेला, मॅच संपत आलेली, आणि आठवीच्या एका बारक्या पोरानं असा काही शॉट मारला की गोलकीपर नुसता बघत राहिला, पण लाइनीवर दहावीचा एक दांडगा उभा होता त्यानं बॉल सरळ हातानं अडवला. मी बघितलं. स्पष्ट बघितलं. आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. माझी शिट्टी काही वाजली नाही, खेळ तसाच पुढं गेला, दहावीनं नंतर एक गोल टाकला आणि मॅच जिंकली. आठवीची पोरं रडत सरांकडं गेली. सर तेव्हा नळाजवळच्या लिंबाखाली उभे होते, त्यांनीही सगळं बघितलेलं, पण ते एवढंच म्हणाले, "रेफ्रीनं दिलं ते दिलं." फुटबॉलचे नियम एकूण 17, त्यातला पाचवा रेफ्रीचा, आणि खेळात काय घडलं याबद्दल रेफ्रीचा निर्णय शेवटचा असतो हे मी त्या दिवशी शिकलो, आणि शेवटचा म्हणजे काय हेही.

शाळा सुटल्यावर सर मला घेऊन चर्चच्या पायरीवर बसले. मला वाटलं आता चांगलाच ओरडा बसणार.

"बघितलंस नव्हं?"

"होय सर."

"मग?"

"भ्यालो, सर."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, दर रविवारी चर्चमध्ये विश्वासाचा अंगीकार म्हणतोस, त्यात पंतय पिलाताचं नाव कशाला रे आहे? मला सांगता येईना. सर म्हणाले, येशूला क्रुसावर द्यायचा हुकूम देणारा रोमन सुभेदार तो, पण त्या माणसाला खरं काय ते माहीत होतं. ह्याच्यात मला काही दोष दिसत नाही असं तो तीनदा म्हणाला. पण बाहेर गर्दी ओरडत होती. शेवटी त्यानं पाणी मागवून हात धुतले. "भ्यालेल्या माणसाच्या हातून काय होतं बघ," एवढंच बोलले. मग बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं सांगितलं, मोशे न्यायाधीशांना काय बजावतो ते, की लहानाचं आणि मोठ्याचं सारखंच ऐका, कुणाचं तोंड बघून भिऊ नका, कारण न्याय देवाचा आहे. मी विचारलं, सर, पण भीती वाटली तर? तर म्हणाले, वाटणारच, मला अजून वाटते. कुणाला भ्यायचं तेवढं आधी ठरवून जायचं. परमेश्वराचं भय म्हणतात ते हे असतं, तू रात्री पांघरुणात भितोस ते नव्हे. (आजीनं सांगितलं असणार त्यांना.)

ते नुसतं वचन सांगून सोडून देणाऱ्यातले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या ग्राउंडवर मला पळवलं. शिट्टी तोंडात धरायची नाही, हातात धरायची, म्हणजे ती तोंडापर्यंत जाईस्तोवर जो एक सेकंद मिळतो त्यात डोकं चालतं. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडं तिरकं पळायचं, बॉल आपल्या आणि लाइनमनच्या मधे राहिला पाहिजे. आणि बॉलच्या जवळ राहायचं, कारण लांबून नीट दिसत नाही, दिसलं नाही की खात्री नाही, आणि खात्री नसली की माणूस गर्दीच्या तोंडाकडं बघायला लागतो. अर्धी भीती पायातनं जाते, हे सरांचं वाक्य मी आज नव्या रेफ्रींना जसंच्या तसं सांगतो.

केन अॅस्टनची गोष्टही त्यांच्याकडूनच ऐकली. इंग्लंडचा रेफ्री, पेशानं मास्तर. 1962 च्या वर्ल्डकपला चिली-इटली मॅच त्याच्याकडं होती, सांतियागोला, लाथाबुक्क्या झाल्या, पोलिसांना मैदानात यावं लागलं आणि नंतर अॅस्टनला खूप बोलणी खावी लागली. पुढं 1966 च्या वर्ल्डकपच्या वेळी लंडनमध्ये सिग्नलला गाडी थांबली असताना त्याला पिवळ्या-लाल कार्डाची कल्पना सुचली, आणि 1970 ला मेक्सिकोत कार्डं पहिल्यांदा आली. सर म्हणायचे, ज्याची मॅच हातातून गेली त्यालाच हे सुचलं बघ.

फायनलला सरांनी परत मलाच उभं केलं, दहावीची तीच पोरं. मला वाटलं सर जवळ लाइनीवर थांबतील, तर ते पार लांबच्या कॉर्नरला जाऊन उभे राहिले. दुसऱ्याच मिनिटाला त्याच दांडग्यानं मागून एकाला ढकललं. मी शिट्टी वाजवली. हात गारठलेले, पण वाजली, मोठ्यानं. तो थांबला, बॉल खाली ठेवला आणि मागं चालत गेला. बस्स, एवढंच झालं. इतकी वर्षं झाली, तो मागं चालत जाणारा पोरगा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

अॅडव्हांटेज शिकवताना सर एकदा म्हणाले होते, फाउल झाला तरी ज्याच्यावर झालाय त्याचा फायदा होत असेल तर खेळ चालू द्यायचा, दोन-चार सेकंदात फायदा झाला नाही तर मागं येऊन फाउल द्यायचा, आणि कार्ड द्यायचं असलं तर खेळ थांबल्यावर द्यायचं. देव लगेच शिट्टी वाजवत नाही म्हणून त्यानं बघितलं नाही असं समजू नकोस, कुणाच्या तरी भल्यासाठी तो खेळ चालू देत असतो. त्या रात्रीपासून मी पांघरुणात चुका मोजणं सोडलं.

आज मी 27 वर्षं रेफ्री आहे. जिल्ह्याच्या, मग राज्याच्या परीक्षा पास झालो. पन्नाशीतही रेफ्रींच्या फिटनेस टेस्टला 75 मीटर पळा, 25 मीटर चाला, असं 40 वेळा करतो, वेळेत बसतो. एका फायनलला शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी दिली तेव्हा गॅलरीतून बाटल्या आल्या, पोलिसांनी आम्हाला मधे घेऊन बाहेर काढलं. खोलीत आल्यावर माझ्या हातातून पाण्याचा ग्लास सुटला इतके हात थरथरत होते आणि तोंडात तेविसावं स्तोत्र, तुझी आकडी व तुझी काठी. भीती गेलेली नव्हती. पण पेनल्टी पेनल्टीच होती. रात्री सरांना फोन केला तर त्यांनी पहिलं विचारलं, बॉलपासून किती लांब होतास? म्हटलं, दहा पावलं. म्हणाले, मग झोप.

सर गेले त्या दिवशी मी मॅचसाठी नागपूरला होतो. मातीला पोचता आलं नाही. हे मला अजून लागतं. त्यांच्या घरच्यांनी नंतर ती जुनी शिट्टी माझ्याकडं दिली, आतली गोळी झिजलीय, आवाज बसका येतो.

ग्राउंडचा निम्मा भाग आता पार्किंगला गेलाय, लिंब तोडलाय, हे बघून जीव तुटतो. निदान राहिलेल्या अर्ध्यावर तरी पोरांना रोज सोडा, आणि मॅच असली की शिट्टी एखाद्या भित्र्या पोराच्या हातात द्या.

पत्रिकेत माजी विद्यार्थ्यांची मॅच साडेचारला लिहिलीय. मी तीनलाच येतो, लाइनी स्वतः मारणार आहे. फक्की तेवढी आणून ठेवा, दोन पोती पुरतील.