नगरपरिषदेचं मैदान आमच्या मंडळाकडे आलं तेव्हा

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं. मैदानाला लागून असलेल्या हॉलचे पत्रे त्या दुपारी उडाले ते थेट मागच्या नारळाच्या वाडीत जाऊन पडले. नगरपरिषदेने पुढे नवे पत्रे बसवले, पण हॉल काही सुरू झाला नाही. राखायला माणूस नाही, विजेचं बिल थकलेलं, फाटकाला कुलूप. मी याच मातीवर खो-खो शिकले. एक दिवस खो-खोच्या खांबाला कुणीतरी बकरी बांधलेली दिसली. त्या संध्याकाळी आमच्या क्रीडा मंडळाच्या बैठकीत मी म्हटलं, हे आपण चालवायला मागू या.

मागणं सोपं होतं. 2022 च्या सुरुवातीला मुख्याधिकाऱ्यांना अर्ज दिला. तेव्हा नगरसेवकांची मुदत संपून प्रशासकांचा कारभार सुरू झाला होता, त्यामुळे ठराव सभेत अडकणार नाही असं आम्हाला वाटलं. पहिल्याच भेटीत प्रश्न आला, "कुठल्या नियमात बसवायचं?" स्कॉटलंडमध्ये 2015 च्या कायद्याने लोकांच्या संस्थांना सार्वजनिक जागा मागण्याचा हक्कच दिलाय, आणि नाकारायचं असेल तर सरकारी यंत्रणेला सबळ कारण द्यावं लागतं. आपल्याकडे विनंती करायची आणि वाट बघायची. आम्ही 1965 चा नगरपरिषद अधिनियम आणून वाचला. कलम 92 प्रमाणे शासनाच्या मंजुरीशिवाय परिषदेला आपली स्थावर मालमत्ता कुणाला देता येत नाही. स्वतःच्या अधिकारात ती भाड्याने देता येते, तीही तीन वर्षांपर्यंतच, आणि घेणाऱ्याने पक्कं बांधकाम करायचं नाही. दहा वर्षांचा करार मागायच्या गप्पा त्या दिवशी बंद झाल्या.

मग आमचे स्वतःचे कागद काढले. मंडळ 1860 च्या सोसायटी कायद्याखाली आणि 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं आहे, पण कार्यकारिणी दोनदा बदलली तरी बदल अर्ज कुणी दिलाच नव्हता. तो 90 दिवसांत द्यायचा असतो. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं ते काका वारून चार वर्षं झाली होती. विलंबमाफीचा अर्ज, त्यांच्या मृत्यूचा दाखला, जुनी इतिवृत्तं, हिशेबतपासणीचे अहवाल, या सगळ्यात सात महिने गेले. मैदान मागायच्या विचारात असाल तर आधी हे बघा. आमची चूक होती आणि तिच्यापायी मुलांचा एक अख्खा हंगाम गेला.

त्याहून मोठा घोळ मालमत्ता पत्रकात निघाला. हॉलच्या जागेवर परिषदेचं नाव, पण मैदानाच्या तुकड्यावर धारक म्हणून महाराष्ट्र शासन! ती जागा पूर्वी कधीतरी खेळासाठी म्हणून परिषदेकडे दिलेली. म्हणजे परिषदेची इच्छा असली तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. फाइल तहसील, प्रांत आणि जिल्हा अशी फिरली. मी दर पंधरवड्याला एस. टी. ने जायचे, जावक क्रमांक वहीत लिहून आणायचे. तिथल्या एका लिपिक ताईंनी मला एक गोष्ट शिकवली: "पत्र देऊन नुसतं जाऊ नका, पोच घेतल्याशिवाय हलू नका." ती वही अजून माझ्याकडे आहे.

मधल्या काळात परिषदेने जाहिरात देऊन इच्छुकांचे अर्ज मागवले. ते योग्यच होतं, लोकांची जागा गुपचूप कुणाला देऊ नये. आमच्याशिवाय आणखी एक अर्ज आला, तिथे तासावर भाडं घेणारं टर्फ करायचं म्हणून. नफा वाटून न घेणारी नोंदणीकृत क्रीडा संस्था हवी, ही अट असल्यामुळे तो बाद झाला.

मग हरकती मागवल्या, आणि त्यांनी मला हलवून टाकलं. सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांनी तीस सह्यांचं पत्र दिलं होतं. त्यात लिहिलं होतं, मैदान मंडळाकडे गेलं की फाटकाला मंडळाचं कुलूप लागेल, आम्ही कुठे फिरायचं? कोळीवाड्यातल्या मुलांचंही पत्र होतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, उघाड मिळाली की ती मुलं दिवसभर मैदानातच. आमच्यातल्या काहींना राग आला, आपण फुकट राबणार आणि यांच्या हरकती! मलाही पहिल्या रात्री वाईट वाटलं. पण पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की त्यांचं म्हणणं रास्त आहे. नगरपरिषदेचं कुलूप वाईट असेल तर आमचं चांगलं कसं?

मी दोन्हीकडे गेले. पत्रावर पहिली सही असलेल्या मावशींच्या ओटीवर तासभर बसले. त्या म्हणाल्या, "तू गोड बोलतेस गो बाय, पण उद्या तू नसशील तेव्हा?" याला उत्तर एकच होतं, करारात लिहून घ्यायचं. सकाळी सहा ते साडेआठ मैदान सगळ्यांना खुलं, फी नाही. संध्याकाळी चार ते सहा वाडीतल्या कुठल्याही मुलाला, मंडळाचा सभासद असो वा नसो. आठवड्यातले तीन दिवस हॉल फक्त मुलींच्या सरावाला. वेळा बदलायच्या तर परिषदेची लेखी संमती. या कलमासाठी मी आमच्याच बैठकीत सगळ्यात जास्त भांडले. एक ज्येष्ठ सभासद आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरं भांडण छपराचं. मसुद्यात 'सर्व दुरुस्ती मंडळाने करावी' असं मोघम वाक्य होतं. मी आग्रह धरला की संयुक्त पाहणी भर पावसात, जुलैतच व्हावी. अभियंता, आमचे दोघे आणि मी असे हॉलमध्ये उभे राहिलो. वर पत्रा धरून ठेवणाऱ्या लोखंडी हुकांना आमच्यातल्या एकाने शिडीवर चढून बोट लावलं, तर खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या लोखंडाची भुकटी खाली आली. खाली गळतीच्या अकरा जागा मोजल्या, प्रत्येकीभोवती खडूने गोल काढला, फोटो घेतले. कबड्डीच्या मॅटच्या तुकड्यांचे दाते उंदरांनी कुरतडलेले, त्यामुळे ते एकमेकांत बसेनात. सगळं पंचनाम्यात आलं. शेवटी ठरलं असं: छप्पर, भिंती आणि जुनी वीज थकबाकी परिषदेची, झाडलोट, दिवे, मॅट, मैदानाची माती, राखणदाराचा पगार आणि पुढचं वीजबिल आमचं. तीन वर्षांच्या करारात कुणी शहाणा माणूस छपराची जबाबदारी अंगावर घेणार नाही, आणि घेतलीच तर ती पोरांच्या डोक्यावर पडते.

एक वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असते, ती केली. 2024 च्या दिवाळीनंतर किल्ल्यांचा जुडगा हातात आला. चौदा किल्ल्या, त्यातल्या तीन कुठल्याच कुलपाला लागल्या नाहीत. पहिल्या रविवारी पन्नासेक माणसं आली. जांभ्याच्या गडग्यावर वाढलेलं रान काढलं, माती चाळून पसरली, पाणी मारून रूळ फिरवला. कबड्डीचं 13 बाय 10 मीटरचं अंगण चुन्याने आखताना मुलं दोरी धरायला भांडत होती.

सकाळच्या फाटकाची किल्ली आता मावशींकडे असते. छपराचे दक्षिणेकडचे हुक परिषदेने आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आधी बदलून दिले. उत्तरेकडचे राहिलेत. त्याचं पत्र गेल्या सोमवारी दिलं, पोच वहीत लावली आहे.