आईचा डावा हात आणि ११ नंबर

"अरे, आज परत उलटं झालंय बघ!" सकाळी सकाळी आईची हाक.

आई डावखुरी. काल रात्री लिनक्स लॅपटॉपवर तिच्या माउसची बटणं उलटी केली. टचपॅड मी वापरतो, तो तसाच ठेवला. 'एक्सइनपुट लिस्ट' या कमांडने जोडलेल्या माउस-कीबोर्डांची यादी दिसते, त्यात माउस ११ नंबरला होता. त्या नंबरवर 'लेफ्ट हँडेड' चालू केलं, तेच लॅपटॉप सुरू होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाकलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

आज रीस्टार्ट केल्यावर ११ नंबर टचपॅडला! हे नंबर कायमचे नसतातच, दर वेळी नव्याने वाटले जातात. म्हणजे माउस सरळ, टचपॅड उलटा.

आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग नंबराने कशाला हाक मारतोस? नाव नाही का त्याला?"

आहे की! कमांडमध्ये नंबराऐवजी नाव लिहिलं. (तेच नाव कीबोर्डांच्या यादीतही दिसत होतं, म्हणून माउसचंच कळावं यासाठी नावाच्या आधी 'पॉइंटर:' जोडावं लागलं.)

मग डाव्या हाताने क्लिक करता करता ती सहज बोलून गेली, "शाळेत या हातात पेन्सिल दिसली की फूटपट्टी बसायची."

प्रसाद घेताना तिचा डावा हात अजूनही अर्ध्यावरून मागे जातो. आज पहिल्यांदाच नीट पाहिलं.

तुमच्याकडे कुणी डावखुरं आहे का? माउस कुठल्या बाजूला असतो?