पेटीनं पकडलेली चोरी : तमाशापटाच्या तीन कॉप्या, नोंद चौथी

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की तमाशापटाची डीव्हीडी एकदाची मिळाली, आता व्हीसीडी अन् टेप कपाटात जातील. ते शब्द मागे घेतो.

डीव्हीडीच्या वेष्टनावर ‘वाइडस्क्रीन’ असं ठळक छापलंय. लावली, अन् पहिल्याच लावणीला बाईचे पाय गायब. घुंगरांचा आवाज येतोय, घुंगरू नाहीत. सिनेमा मुळात चौकोनी, १.३७ चा (म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट). नव्या टीव्हीची चौकट भरावी म्हणून वरून-खालून कापून तो १६:९ केलेला. चित्राचा जवळजवळ पाव भाग गेला. वरून फेटा, खालून पाय. अहो, लावणीतले पायच कापले तर पाहायचं काय? व्हीसीडी बिचारी ३५२ बाय २८८ ठिपक्यांची, जरा हालचाल झाली की चित्राचे ठोकळे होतात, पण तिच्यात पाय आहेत. (संगणकावर पाहताना प्लेअरला ४:३ ठरवून द्या. नाहीतर बरेचदा ती आहे त्या आकड्यांत उघडते अन् सगळा फड महिनाभर उपाशी असल्यासारखा लंबुळका दिसतो.)

आवाजाचं मात्र माझ्या लक्षातही आलं नसतं. ते आमच्या काकाजींनी पकडलं.

काकाजी गावच्या भजनमंडळात पेटी वाजवतात. शनिवारी भजनाआधी घरी आले, मी डीव्हीडीवरची लावणी लावली होती. त्यांनी सवयीनं पेटीवर सूर शोधायला घेतला. काळी एक दाबली, मान हलवली. पांढरी दोन दाबली, पुन्हा हलवली. “हे काळी एकातही नाही अन् पांढरी दोनातही नाही बाप्पा. मधातच लटकून हाये.”

मला वाटलं पेटीच उतरली असेल. फोनवरच्या ट्यूनरनं तपासली : सात सेंट चढी (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर), म्हणजे काहीच नाही. गाणं काळी एकपेक्षा जवळपास ७० सेंट वर होतं, आणि ७० म्हटल्यावर डोक्यात घंटा वाजली. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमांचा. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, ती २५ ची. पालसाठी सिनेमा सरळ २५ नं पळवतात, वेग ४.१७ टक्के वाढतो, अन् सूर वेगळा उतरवला नाही तर तो ७०.७ सेंट चढतो. अर्ध्या सुराचा पाऊण हिस्साही नाही, म्हणून कानाला खटकत नाही. पेटीला खटकतं.

पण ही डीव्हीडी तर एनटीएससी (अमेरिकेकडची टीव्ही पद्धत, सेकंदाला ३० फ्रेमांची), ७२० बाय ४८०! एनटीएससीत २४ फ्रेमा पुलडाउन करून, म्हणजे त्यांचेच काही भाग पुन्हा दाखवून बसवतात, वेग हजारात एकानं कमी होतो, बस. म्हणून इतकी वर्षं मी एनटीएससी दिसलं की डोळे मिटून विश्वास ठेवायचो. मग गिरकीवर चित्र थांबवलं अन् एकेक फ्रेम पुढे नेली. बाईला चार हात. दोन ठळक, दोन पुसट. पालच्या २५ फ्रेमा एकमेकींत कालवून त्यांच्या ३० केलेल्या. तबकडी एनटीएससी, पोटातला माल पाल.

खात्रीसाठी सेन्सॉरचा दाखला गाठला. आपल्या जुन्या, फिल्मवरच्या सिनेमांची ही सोय मला फार आवडते : सुरुवातीला दाखल्यावर रिळं अन् लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर पळते. व्हीसीडीवर आकडे नुसते डाग; टेप थांबवून, डोळे बारीक करून वाचले : १४ रिळं, ३८४० मीटर. भागाकार केला, १४० मिनिटं. डीव्हीडीवर सुरुवातीची बोधचिन्हं सोडून सिनेमा भरतो १३४ मिनिटं २० सेकंद. १४० भागिले २५, गुणिले २४ करून पाहा. एकही प्रसंग कापलेला नाही, नुसताच पळवलाय. व्हीसीडीचीही तीच गत, पण ती बापडी स्वतःला पालच म्हणवते.

दुरुस्तीत दोनदा तोंडावर पडलो. आधी ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’ वापरलं. त्यात लांबी वाढते, सूर जागेवरच राहतो. काकाजींनी पुन्हा मान हलवली. ‘चेंज स्पीड’ घ्यायचं, म्हणजे दोन्ही खाली येतात. मग तिथं उणे ४.१७ भरलं. चूक! वर जाताना ४.१७, खाली येताना बरोबर ४, कारण २४ भागिले २५ म्हणजे ०.९६. सुरुवातीला ओठ जुळले होते, शेवटच्या रिळापर्यंत आवाज साडेचौदा सेकंद मागे. जबाब ऐकू येतोय, अन् देणारी केव्हाच तोंड मिटून उभी.

काही पाल तबकड्यांवर सूर आधीच उतरवलेला असतो, अशांना मात्र ‘टेम्पो’च लागतो. म्हणून आधी पेटी, मग माउस. विजेच्या गुणगुणीवरूनही अंदाज घेऊन पाहिला : मूळ ध्वनिमुद्रणात ५० हर्ट्झची गुणगुण असेल तर पळवल्यावर ती ५२ वर दिसायला हवी. माझ्या आलेखात ५१ अन् ५२ च्या मध्ये फुगवटा आला. त्या काळी आपल्या ग्रिडची वारंवारता ५० वर कुठे टिकायची! हा पुरावा मी धरत नाही.

तर आता ठरलं असं : चित्र व्हीसीडीचं, आवाज डीव्हीडीचा. व्हीसीडीचं चित्र नुसतं २४ वर आणलं. डीव्हीडीचा सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा आवाज ४६,०८० चा आहे असं सांगून उघडला अन् परत ४८,००० वर नेला. पहिली तबकडी झाली, पहाटे तीनला. या आठवड्यात वावरातली लाइन रात्रीची आहे, मोटर सुरू करायला उठावंच लागतं.

सकाळी काकाजींना लावणी ऐकवली. काळी एक दाबली, अन् बोट उचललंच नाही. पूर्ण कडवं साथ केली. मग म्हणाले, “बाई आता जरा वयानं मोठी वाटते.”

दुसऱ्या तबकडीवर मध्यंतरानंतर चाळीस सेकंद ओरखडा आहे. तेवढा तुकडा टेपवरून घ्यावा लागेल.