जी.आर.मधला व्यवसायाचा रकाना

बडोद्यातल्या आमच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहून द्या, दोन पानांत बसवा, असा निरोप माजी विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षाचा आला. अध्यक्ष माझ्याच हाताखालून गेलेला, नववी ब, मराठी तुकडी. अजून 'बाई' म्हणतो आणि अजून ऐन वेळी जागा होतो. सोबत मुद्द्यांची यादीही पाठवली होती. मुद्दा पहिला: विनोबा आपल्या शाळेचे, ठळक अक्षरांत.

विनोबा बडोद्यात शिकले हे खरं. वडील नरहरराव इथे नोकरीला होते. आईला वाटे मुलानं संस्कृत घ्यावं, वडिलांच्या मनात फ्रेंच. हायस्कुलात फ्रेंच घेतलं गेलं. 1913 साली मॅट्रिक, मग बडोदा कॉलेज. मार्च 1916मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसलेला हा विद्यार्थी सुरतेला उतरला आणि काशीला निघून गेला. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातली, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीतली (आम्ही तिला जी.आर. म्हणतो), पहिली नोंद 1936ची आहे. तेव्हा विनोबा चाळिशी ओलांडून वर्ध्याला आश्रम चालवत होते. इतक्या उशिरा प्रवेश आमच्या कडक हेडमास्तरांनी दिला नसता.

मुद्दा दुसरा, सयाजीराव महाराज. इथे मी हात आखडता घेतला नाही. कवळाण्याचा गोपाळराव 1875 साली दत्तक येऊन गादीवर बसला तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच माणसानं 1893 साली अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं, मुलींसकट. पोर शाळेत धाडलं नाही तर पालकाला दंड. आमच्या आजेसासऱ्यांनी असा दंड भरला होता आणि पुढे जन्मभर 'मी सरकारला शिकवायला पैसे दिले' म्हणून ऐट मिरवली. गोखल्यांनी 1911 साली ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असंच विधेयक कौन्सिलात आणलं. ते बहुमतानं पडलं. बडोद्यात मात्र चौथी-पाचवी झालेली पोरं पुढे कुठे जाणार, हा प्रश्न तोवर दारात येऊन उभा होता. आमच्यासारख्या शाळा त्या गर्दीतून उभ्या राहिल्या.

इथवर अर्धं पान झालं. उरलेल्या दीड पानासाठी मी हेडक्लार्कच्या पाठीमागच्या कोठीतून जी.आर. काढून घेतले. वाळवीनं कडा खाल्ल्यात, पण अक्षर काय सुंदर! काही नोंदी मराठीत, काही गुजरातीत, कारकून बदलला की भाषा बदलते.

नाव, जन्मतारीख, जात हे रकाने सगळे बघतात, दाखल्यासाठी लागतात म्हणून. 'पालकाचा व्यवसाय' कोणी वाचत नाही. मी ओळीनं वाचत गेले. सुरुवातीच्या पानांवर खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या खासगी कारभारात, कारकून, फौजेत हवालदार, सरदारांकडे कारभारी, भिक्षुकी, पुन्हा खानगी खात्यात कारकून. आमच्या मराठी वस्तीचा अर्धा दांडिया बाजार राजवाड्याच्या पगारावर जगत होता, ते तिथे शाईनं लिहिलेलं आहे. 1949च्या मे महिन्यात संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पुढची काही पानं उलटली की खानगी खातं विरळ होतं आणि मग दिसतच नाही. त्याच्या जागी 'पेन्शनर' येतो. आमच्या आळीतले काका-मामा अचानक म्हातारे का दिसायला लागले, ते मला इथे कळलं.

मग रेल्वे, सयाजी मिल, अलेंबिकचा औषध कारखाना. बडोद्याजवळच्या कोयलीची तेल रिफायनरी 1965मध्ये सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत मराठी तुकडीच्या पानांवर 'रिफायनरी' दिसू लागली. तुकडी तोवर आक्रसू लागली होती, हेही तिथेच दिसतं. गुजरात 1960 साली वेगळा झाल्यावर 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात पुणे, ठाणे, नाशिक वाढत गेलं. जे राहिले, त्यांनी धाकट्या मुलांना गुजरातीत आणि नातवंडांना इंग्रजीत घातलं. कुणाला दोष देऊ? माझाच नातू इंग्रजी माध्यमात आहे, मला 'आजी' म्हणतो आणि शेजारणीला 'आंटी'. मी शिकवायला लागले तेव्हा मराठीच्या दोन तुकड्या होत्या, निवृत्त झाले तेव्हा एक, तीही अर्धी रिकामी. शेवटच्या मराठी नोंदीपुढे पालकाचा व्यवसाय 'शेव-उसळीची लारी', म्हणजे हातगाडी, असा लिहिलाय.

या रकान्यांवर मी सात पानं लिहिली. अध्यक्ष म्हणाला, "बाई, नामवंतांची यादी कुठाय?" मी म्हटलं, यादी तू कर, मी हे दोन पानांत बसवणार नाही. शेवटी ठरलं की विनोबा जातील, रकाने येतील, आणि रजिस्टराच्या एका पानाचा फोटो छापायचा, नावं झाकून. कुठलं पान, यावर आमचा वाद चालू आहे. त्याला 1936चं पहिलं पान हवंय, कारण अक्षर सुबक आहे. मला 1949-50चं हवंय. त्या पानावर एका मुलीच्या वडिलांच्या नावापुढे आधी 'खानगी खाते' लिहिलंय, मग ते खोडून 'पेन्शनर', आणि तेही खोडून 'खासगी शिकवणी'.